जावयाचा नंबर

भडगावच्या आमच्या दवाखान्यात बाकावर बसलेला एखादा धडधाकट माणूस शेजारच्याला "तुम्ही जा आधी" म्हणाला, की मी त्याच्याकडे नीट बघायचो. आपल्याकडे नंबर कोणी सोडत नाही. एसटीत, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत माणूस नंबरासाठी भांडतो. दवाखान्यात तर ताप नसलेलाही कपाळाला हात लावून पुढे घुसतो. अशा ठिकाणी एखादा पुरुष म्हातारीला पुढे जाऊ देतो, मग तिच्या सुनेला, मग मागून आलेल्या चौघांनाही, आणि बाक रिकामा झाल्यावर रुमालाने तोंड पुसत आत शिरतो, तेव्हा त्याची तक्रार कोणती हे मला केसपेपर न उघडता कळायचं.

मी तिथे चौतीस वर्षं कंपाउंडर होतो. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी बसलो. कंपाउंडर हा प्रकार आता संपत आला, म्हणून नव्या वाचकांसाठी सांगतो. सकाळी दवाखाना झाडून घ्यायचा, पत्र्याचे नंबर वाटायचे, केसपेपर काढायचा, वजन आणि ताप बघायचा, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पुडीत बांधून "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर" असं एकेकाला तीनदा सांगायचं. सुरुवातीच्या वर्षांत तर लाल मिक्श्चर बाटलीत ओतून बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचो. लोक मला नाना म्हणतात. डॉक्टर आजार ओळखतात आणि नाना माणूस ओळखतो, असं गावात बोललं जायचं आणि ते ऐकून मी फुगायचो. ती हवा कशी निघाली तेच इथे सांगायचं आहे.

नंबर सोडणारे हे पुरुष डॉक्टरांसमोर बसले की म्हणायचे, "कमजोरी वाटते." कोणी म्हणे गॅस होतो, कोणी म्हणे कंबर धरते. डॉक्टर बडीशेप चघळत सगळं ऐकून घ्यायचे आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारायचे, "बरं, आता खरं सांगा." खरी तक्रार अशी असायची की बायकोजवळ गेल्यावर लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही. एवढं एक वाक्य. पण ते तोंडातून निघायला काहींना तीन-तीन वर्षं लागली.

पडद्याआड पुड्या बांधताना डॉक्टरांचे पुढचे प्रश्न मी इतक्यांदा ऐकले की मला ते पाठ झाले. हे एकाएकी सुरू झालं की हळूहळू? सकाळी जाग येताना काय असतं? तंबाखू किती, बिडी किती, दारू किती? झोप लागते का? घरात काही वाद? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? आधी मला वाटायचं, डॉक्टर उगाच आडवळणाने जातात. मग हळूहळू हिशोब कळला. एकाएकी सुरू झालं असेल आणि सकाळी सगळं ठीक असेल, तर बहुधा मनावर ओझं असतं. भीती असते, भांडण असतं, पिकाची नाहीतर पोरांची काळजी असते, कधी खोल उदासी असते. हळूहळू वाढत गेलं असेल तर शरीरात शोधायचं. सगळ्यात आधी साखर, कारण ती नसाही पोखरते आणि रक्तवाहिन्याही. मग ब्लडप्रेशर, मग तंबाखू आणि रोजची दारू. कधी ब्लडप्रेशरची किंवा उदासीची गोळीच कारण निघते, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. कोणाच्या कमरेला जुना मार असतो, कोणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाच्या अंगात पुरुषी हार्मोन कमी पडतो. आणि पुष्कळदा यातली दोन-तीन कारणं एकत्रच असतात, कारण शरीर एकदा चुकलं की भीती लगेच मागून येते.

डॉक्टरांची घरची केळीची बाग होती, त्यामुळे त्यांचं समजावणंही शेतातलं असायचं. ते म्हणत, "ठिबकमध्ये कचरा आला तर आधी कुठली नळी बंद पडते? सगळ्यात बारीक. मोठ्या पाइपातून तोवर पाणी चालू असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. तसंच इथे. ही रक्तवाहिनी हृदयाच्या वाहिनीपेक्षा बारीक. ती आधी चोंदली तर मोठ्या नळ्या तपासायची वेळ झाली असं समजा." हे ऐकल्यावर समोरचा माणूस लाजणं विसरून एकदम शेतकरी व्हायचा आणि नळी साफ कशी करायची ते विचारायचा.

सगळेच काही आजारी नसायचे. एकदा पाचोऱ्याकडचा एक नवरदेव आला. लग्नाला बारा दिवस झालेले, हळद अजून नखांत होती. आपण कामातून गेलो, मुलीचं आयुष्य नासवलं, असं म्हणून डॉक्टरांसमोर रडायला लागला. डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, घराला खोल्या किती? दोन. लग्नाचे पाहुणे गेले का? नाही, अकरा जण अजून आहेत. तुमच्या खोलीला दार आहे का? पडदा आहे. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने चिठ्ठी लिहिली आणि ती माझ्याकडे आली. वर लिहिलं होतं, "पाहुण्यांना निरोप देणे. दार बसवणे. आतून कडी." मी ती चिठ्ठी तशीच त्याच्या हातात दिली, कारण पुडी बांधण्यासारखं काही नव्हतंच. महिन्याने तो पेढे घेऊन आला. कशाचे म्हणून बाकावर बसलेल्या एका आबांनी विचारलं, तर म्हणाला, घराला नवीन कडी बसवली. आबांनी दोन पेढे घेतले आणि कडीचे पेढे पहिल्यांदाच खातोय म्हणाले.

एक कापड दुकानदार होते. आजोबांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे दुकान थाटलेलं. ते डॉक्टरांकडे न जाता थेट माझ्या खिडकीशी आले आणि मला म्हणाले, ती गोळी असते ना, ती मेडिकलमधून आणून द्या, मला मागायला लाज वाटते. मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली छोटी बाटली मला दिसली. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची ती बाटली. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आत नेऊन बसवलं. या दोन गोळ्या अंगात एकत्र आल्या तर ब्लडप्रेशर इतकं उतरतं की माणूस बसल्या जागी जातो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर शेठजींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तशी एक गोळी त्यांनी आधीच कोणाकडून तरी मिळवून गादीखाली ठेवली होती. ती त्यांनी घरी जाऊन मोरीत टाकली आणि टाकल्याचं मला येऊन सांगितलं. पुढे त्यांचं औषध हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरलं. ही माझ्या खात्यावरची चांगली गोष्ट.

वाईट गोष्टही आहे आणि ती सांगितली नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा मला दवाखान्यात दहाएक वर्षं झाली असतील. प्राथमिक शाळेतले एक गुरुजी माझे मित्र होते. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं, तक्रार सांगितली आणि म्हणाले, नाना, मला आत जायला लावू नकोस. मी मैत्रीला जागलो. टेबलाच्या ड्रॉवरमधल्या लाल ताकदीच्या कॅप्सूल त्यांना देत राहिलो. एक महिना, दोन महिने, असे सात-आठ महिने. केसपेपर काढला नाही. त्या काळात गुरुजी वर्गातून उठून सारखे पाण्याच्या माठाकडे जायचे, हे मी येता-जाता बघत होतो आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. शेवटी पायाची जखम भरत नाही म्हणून ते आत गेले तेव्हा साखर भयंकर वाढलेली निघाली. धुळ्याला नेऊन डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "नाना, तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?" मी सांगितलं. ते परत पेशंट बघायला लागले. गुरुजी अजून आहेत, खास बूट घालून रोज फिरतात आणि मला भेटले की चारचौघांत म्हणतात, नानांनी माझी लाज राखली होती. ते मनापासून म्हणतात. मला मात्र त्या वेळी कुठे बघावं हे कळत नाही.

तेव्हापासून ड्रॉवरमधून मी कोणाला काही दिलं नाही. कोणी कानाशी कुजबुजला की त्याला मी आत नेत असे. आणि तरीही माझी पुढची चूक व्हायची बाकी होती. ती गोष्ट ज्या दोघांची आहे त्यांना विचारून लिहितो आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

माझं मूळ गाव धुळ्याकडचं. कमल माझ्याच गावची, आमच्या शेजारच्या आळीतली, माझ्याहून पुष्कळ लहान. तिला भडगावजवळ गिरणेच्या काठच्या एका गावात दिली. नवरा युवराजराव. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसचं वय, केळी आणि कापूस, घरचं चांगलं, बोलायला शांत. आता आमच्याकडची रीत अशी की गावची मुलगी जिथे दिली तिथला माणूस अख्ख्या गावाचा जावई. तो कुठेही भेटला तरी आपण उठून उभं राहायचं, त्याला आधी बसवायचं, आधी वाढायचं. त्यामुळे युवराजराव पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मी माझं स्टूल त्यांना दिलं, चहा सांगितला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या गावचे जावई आहेत. त्यांना आधी जाऊ द्या." बाकानेही रीत ओळखून रस्ता दिला. कोणी विचारलं, कोणत्या गावचे, कोणाचे जावई, आणि मी सगळं कुळ सांगितलं. युवराजराव कान लाल करून आत गेले आणि खोकल्याचं औषध घेऊन बाहेर आले. ते खोकत मात्र नव्हते.

दीड वर्षात ते असे तीनदा आले. दुसऱ्या वेळी पित्त, तिसऱ्या वेळी घसा. तिसऱ्यांदा तर ते मुद्दाम दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या बेताला आले. बाकावर एक म्हातारे बाबा तेवढे होते. युवराजराव त्यांना म्हणाले, "तुम्ही जा आधी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मी, जो नंबर सोडणारा माणूस दारातच ओळखायचा, तो काय म्हणालो? "नाही, नाही. बाबा थांबतील. पाव्हणे आधी." दुसरा कोणी असता तर मला लगेच कळलं असतं. जावई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांवर मानपानाची पट्टी बसली होती.

मी घरी बसण्याच्या आदल्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, कमल कान दुखतो म्हणून आली. गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिली. कान तपासून झाला तरी उठेना. मी विचारलं तर पदराचं टोक पिळत म्हणाली, "भाऊ, या हप्ताले दिननी लाईट शे. तरी त्या रोज रातले वावरमा निजाले जातस."

शहरातल्या वाचकांना यातलं काही कळणार नाही. आमच्या अहिराणीत नवऱ्याला मानाने 'त्या' म्हणतात; तिचं म्हणणं, या आठवड्यात वीज दिवसाची आहे, तरी नवरा रोज रात्री मळ्यात झोपायला जातो. आमच्याकडे शेतीच्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा मिळते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणसं मोटार चालू करायला मळ्यात झोपतात. दिवसाच्या आठवड्यात मळ्यात झोपायचं काही कारण नाही. शिवाय आता बहुतेकांनी मोटारीला ऑटो बसवला आहे. वीज आली की तो छोटा डबा मोटार आपोआप सुरू करतो, मग कुठल्याच आठवड्यात जावं लागत नाही. मी कमलला तेच विचारलं, तुमच्याकडे ऑटो नाही का? तेव्हा तिने मान खाली घातली.

"आमना बी आटो व्हता, भाऊ. त्यासनी सोताना हातघाई काढी टाका. माले सांगं, जळी गया. मी दखा, गोठामा बारदानमा गुंडाळी ठेयेल शे. चांगला शे."

म्हणजे घरी झोपावं लागू नये म्हणून नवऱ्याने चांगला चालणारा ऑटो काढून गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. दोन वर्षं झाली, तो मळ्यातच झोपतो, धड बोलत नाही, समोरासमोर आलं की नजर चुकवतो. याचा तिने एकच अर्थ लावला होता. मळ्यात कोणीतरी बाई येते. तिने एक-दोनदा माग काढायचाही प्रयत्न केला होता. काही सापडलं नव्हतं, आणि न सापडल्यामुळे तिचा संशय आणखी पक्का झाला होता. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी माहेरी जातात. ती म्हणाली, "आखाजीले जासू. पन मी परत येनार नही."

ती हे रडत म्हणाली असती तर मला कमी भीती वाटली असती. तिने घरातली भांडीसुद्धा कोणती न्यायची ते ठरवलं होतं. आखाजीला जेमतेम महिना राहिला होता. आणि तिच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर खोकला नसलेला तो खोकल्याचा पेशंट आला, लाल कान आले, "तुम्ही जा आधी" आलं. पण मला तिला काही सांगता येईना. एक तर माझा नुसता अंदाज होता. आणि अंदाज खरा असला तरी ती गोष्ट त्या माणसाची होती. मी तिला म्हणालो, आखाजीपर्यंत कोणाला काही बोलू नकोस, मला थोडे दिवस दे. माहेरचा भाऊ म्हणून तिने ते ऐकलं.

दुपारी डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. गुरुजींच्या वेळी त्यांनी विचारलेला प्रश्न मला आठवत होता, म्हणून एक दिवससुद्धा दडवून ठेवायची माझी छाती नव्हती. डॉक्टरांनी जुना केसपेपर काढायला लावला. खोकला, पित्त, घसा. मग चष्मा काढून म्हणाले, "नाना, हा माणूस माझ्याकडे तीनदा आला आणि बोलला नाही. सासरवाडीचा माणूस पडद्याआड उभा असताना कोण बोलेल?"

मला ते लागलं. चौतीसातली तेहेतीस वर्षं मी त्या पडद्याआड काढली होती आणि माझ्यामुळे एखाद्याच्या तोंडाला कुलूप लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी जाऊन जेवलो नाही. पण स्वतःवरचा राग उतरल्यावर इलाजही सुचला. संध्याकाळी युवराजरावांना फोन केला आणि म्हणालो, पाव्हणे, मी उद्या गावी चाललोय, दिवसभर दवाखान्यात नाही. सासूबाईंना काही निरोप द्यायचाय का? मग त्यांनी विचारलं, "दिवसभर नाही का, नाना?" मी म्हणालो, दिवसभर नाही. मग त्यांनी सासूबाईंना नमस्कार सांगितला.

खोटं पडू नये म्हणून मी खरंच गावी गेलो. एसटीने धुळ्याला, तिथून गावी. काही काम नव्हतं. कमलच्या आईला जावयाचा नमस्कार पोचवला. त्या माउलीने पोरगी बरी आहे का विचारलं आणि मी बरी आहे म्हणालो. दिवसभर पारावर बसून घड्याळ बघत होतो. नोकरीतला माझा तो एकच दिवस असेल की ज्या दिवशी मी काही न करता सगळ्यात मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर टेबलावर होता. आदल्या दिवशी एकतीस नंबर गेले होते आणि एकतिसावा युवराजरावांचा होता. मागून विचारलं तर बदलीवर बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या, ते गृहस्थ साडेनऊलाच आले होते, पण सगळ्यांना पुढे सोडत बसले. डॉक्टरांच्या अक्षरात खाली बरंच काही होतं. दोन वर्षांपासून हळूहळू वाढलेली तक्रार. दिवसाला तंबाखूच्या तीन पुड्या. हायवेवरच्या तंबूतल्या वैद्याच्या पुड्या सहा महिने. रक्तातली साखर खूप वाढलेली, ब्लडप्रेशरही. आणि शेवटी एक ओळ, जिच्याखाली डॉक्टरांनी रेघ मारली होती. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध चढताना छाती भरून येते. त्यांनी लगेच कार्डिओग्राम काढला होता आणि तो त्यांना आवडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, बारीक नळीने नोटीस दिली होती, आपण ती दीड वर्ष उशिरा वाचली. गुरुजींचा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांना बोलावलं. ते दारात दिसताच मी थर्मास उचलला आणि चहा आणायला गेलो. समोर टपरी होती, तरी मी बसस्टँडपर्यंत गेलो आणि सावकाश परत आलो. दवाखान्याच्या पायरीशी पोचलो तेव्हा दोघं बाहेर येत होती. युवराजरावांच्या हातात कमलची पिशवी होती. कमलचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा असा मोकळा झाला होता की मला आधी वाटलं, ही दुसरीच कोणी बाई. ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, माले वाटनं बाई शे. निंघनी साखर."

आणि हसली. इतक्या वाईट आजाराची बातमी ऐकून इतकं खुश झालेलं माणूस मी चौतीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही.

पण अजून जळगाव बाकी होतं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होत आलेली निघाली. ती उघडून तिच्यात जाळी बसवायची ठरली. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी तीन पेशंटांना चुकीच्या पुड्या देता देता वाचलो. दुपारी कमलचा फोन आला की झालं, ते बोलताहेत, चहा मागताहेत. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना सांगायला आत गेलो तर माझा चेहरा बघूनच त्यांनी बडीशेपेचा डबा माझ्यापुढे सरकवला.

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि ते तसंच सांगायला हवं, नाहीतर हायवेवरच्या तंबूवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला. तंबाखू सुटायला चार महिने लागले, मध्ये दोनदा परत लागली. साखरेच्या गोळ्या, सकाळी चालणं, भाकरी मोजून. मूळ तक्रारीवरचं औषध हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत थांबवलं. आमच्या डॉक्टरांनी दोघांना सांगितलं होतं, आधी नुसतं जवळ बसा, बोला, घाई नाही. मला हे एवढंच माहीत आहे, कारण त्यानंतर त्यांचा केसपेपर डॉक्टर स्वतः काढायचे आणि स्वतः ठेवायचे. मी त्याला हात लावत नसे. आखाजीला कमल माहेरी गेली. सोबत भांडी नव्हती, एक पिशवी होती. झोके खेळली, गाणी म्हणाली आणि पाचव्या दिवशी परत आली.

मी दवाखान्यातली एक पद्धत बदलली. बाकावर कोणाचं नाव, गाव, कुळ सांगणं बंद. पत्र्याचा नंबर हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. ज्याला शेवटी जायचं त्याला शेवटी जाऊ द्यायचं. जावई असला तरी.

त्या दिवाळीत कमल भाऊबीजेला माझ्या घरी आली. युवराजरावही बरोबर होते. अंगाने हडकले होते, पण तोंडावर तेज होतं. मी सवयीने उठून त्यांना पाटावर आधी बसवायला गेलो, तर ते माझ्या बायकोसमोरच म्हणाले, "नाना, तुम्ही मला पहिला नंबर दिला नसता ना, तर मी दीड वर्ष आधीच बोललो असतो." म्हणाले हसत, पण ते खरं होतं. मी कान पकडले.

जेवणं झाली. युवराजराव अंगणात खाटेवर आडवे झाले. कमलने मला ओवाळलं आणि ताट खाली ठेवता ठेवता पुटपुटली, "भाऊ, या हप्ताले रातनी लाईट शे."

म्हणजे परत मळ्यात? मी बाहेर खाटेकडे बघितलं. ते डोळे मिटून पडले होते. कमलने माझा चेहरा पाहिला, आणि पदर तोंडाला लावून, नव्या नवरीसारखी लाजून म्हणाली, "मोटारले आटो बसाडा त्यासनी."